बोटांची टक्केवारी

"काकू, डॉक्टरसायबांनी मला किती मार्क दिले, ते वाचा की जरा."

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. ती दारात उभी होती आणि तिच्यामागे तिची दहावीतली लेक. ही बाई दर उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षाचे गहू निवडायला येते आणि सुगीत शेतावर मजुरीला जाते. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याची गरजही नाही. तुमच्या गावातही अशी एक तरी असेलच. २०२४ च्या उन्हाळ्यात ती आलीच नाही. मी आपलं गृहीत धरलं, की मिळालं असेल दुसरीकडे काम. आपणही किती सहज गृहीत धरतो ना!

तिच्या हातात सरकारी दवाखान्याचा कागद होता. दिव्यांगत्वाचा दाखला. त्यावर जो आकडा होता तो चाळीसच्या आतला. मी तो वाचून दाखवला, तशी तिने लेकीकडे पाहिलं. "बघ, मी म्हटलं नव्हतं? नापास." लेक म्हणाली, "आई, दहावीला पस्तीसला पास करतात." त्यावर आम्ही तिघीही हसलो. हसताना तिने उजवा हात पदराखाली घेतला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलंय.

ऑक्टोबर २०२३. सोयाबीनची सुडी रचलेली, ट्रॅक्टरवरचा हडंबा चालू. शेतात कामाला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, हे आपण सगळ्या रोज बघतो. ऊन लागू नये, काडाने हात खरचटू नयेत, म्हणून. त्या शर्टाची बाही काडाबरोबर आत ओढली गेली. मशीन बंद करेपर्यंत तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं गेली होती. करंगळी वाचली, पण वाचून उपयोग नाही. ती वाकत नाही. मशीनवाल्याने दवाखान्यात नेलं, पहिलं बिल भरलं, पंचवीस हजार रोख दिले आणि आठवड्याने स्टॅम्प पेपर घेऊन आला. 'माझी काही तक्रार नाही, मला सगळी भरपाई पोचली.' बाई चौथी शिकलेली, सही करते. पण उजव्या हाताला बँडेज! म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला.

तिला वाटत होतं, विषय तिथेच मिटला. माझ्याकडे आली ती भरपाईसाठी नाहीच. एस.टी.ची सवलत मिळेल का आणि निराधारचे पैसे लागतील का, एवढंच विचारायला आली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सवलतींसाठी चाळीस टक्क्यांचा उंबरठा घातलाय. ती त्याच्या अलीकडे अडकली होती. मला तरी यापेक्षा जास्त काय माहीत होतं? मीसुद्धा तोच कागद उलटसुलट करून "नाही गं मिळायचं" म्हणून मोकळी झाले असते. पण दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे सहज चौकशी केली. तिथे एक तरुण वकीलबाई भेटल्या. (बाईमाणसाला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्यात तसं लिहिलंय. किती जणींना ठाऊक आहे?) त्यांनी कागद पाहिला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "हा आकडा वेगळा आणि आपल्याला हवा तो वेगळा."

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी जे समजलं ते तुम्हाला सांगावं, म्हणून आजचा हा लेख. थोडा हिशेब आहे त्यात, पण आपण भिशीचे आणि बचत गटाचे हिशेब करतोच की.

दवाखान्याच्या दाखल्यावरचा आकडा शरीराचा असतो. शरीर किती अधू झालं, एवढंच तो सांगतो. कामगाराला काम करताना इजा झाली, तर भरपाईसाठी दुसरा आकडा लागतो: तिची कमावण्याची ताकद किती गेली? पहिल्या आकड्याने सवलती मिळतात, दुसऱ्याने पैसे. कितीतरी बायाबापड्या पहिला आकडा हातात घेऊन, 'आपण नापास' म्हणत घरी परत जातात.

हा दुसरा आकडा १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात आहे. इंग्रजांच्या काळातला कायदा. २०१० पर्यंत त्याच्या नावात 'वर्कमेन' होतं, म्हणजे बायकांना नावातसुद्धा जागा नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. इजांचा तक्ता आणि हिशेबाची पद्धत मुळात तीच ठेवलीय. हिचा अपघात आधीचा, अर्जही आधीचा, तेव्हा तिची केस जुन्याच कायद्याने चालली आहे.

तर या कायद्याला एक तक्ता जोडलेला आहे. वकीलबाईंनी तो मला वाचायला दिला. खरं सांगते, वाचताना अंगावर काटा येतो. खाटकाच्या दुकानातली पाटी वाचावी तसा. खांद्यातून हात गेला, ९० टक्के. पंजा गेला, ६०. अंगठा, ३०. एका हाताची चारही बोटं, ५०. तीन बोटं, ३०. दोन, २०. एकेकटी बोटं गेली तर तर्जनी १४, मधलं १२, अनामिका किंवा करंगळी ७. एक डोळा काढावा लागला आणि दुसरा चांगला असला तर ४०. हात कुठून तुटला हे मोजायला २०.३२ सेंटिमीटर, ११.४३ सेंटिमीटर अशी मापं आहेत. मला प्रश्न पडला, असली विचित्र मापं कुणी काढली? मग लक्षात आलं, मूळचे आठ इंच आणि साडेचार इंच. इंचांचे सेंटिमीटर केले, बाकी तक्ता होता तसाच ठेवला.

आता गंमत बघा. तर्जनी, मधलं, अनामिका यांची बेरीज केली तर ३३ होते. पण तिन्ही एकदम गेली तर ३०! दुकानात तीन नग एकदम घेतले की थोडी सूट देतात ना, तसंच. उजवा हात की डावा, हे तक्ता विचारत नाही. जखमी माणूस कापूस वेचणारा आहे की हिशेब लिहिणारा, तेही विचारत नाही.

पण त्याच तक्त्याच्या शेवटी दोन ओळींची एक टीप आहे. एखादा अवयव अंगावर असला, पण त्याचा वापर कायमचा आणि पूर्ण गेला असेल, तर तो अवयव गेलाच असं धरायचं. वकीलबाईंनी तिची करंगळी हातात घेऊन वाकवून पाहिली. वाकली नाही. "हिला चार बोटं गेलीत. तीन नाही," त्या म्हणाल्या.

तीस आणि पन्नासमधला फरक असा त्या एका न वाकणाऱ्या करंगळीत होता.

पैशात सांगते. हिशेब असा असतो: महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के घ्यायचे, त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं आणि जे येईल त्यावर इजेची टक्केवारी लावायची. तिचं वय ३५. पस्तीसचा आकडा १९७.०६. मजुरी दिवसाला २५० धरली, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ६,५००. त्याचे ६० टक्के ३,९००. गुणाकार केला की होतात ७,६८,५३४. याचे तीस टक्के म्हणजे २,३०,५६०. आणि पन्नास टक्के म्हणजे ३,८४,२६७. दीड लाखाचा फरक! तिला मिळाले होते पंचवीस हजार.

हे आकडे मी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले, तेव्हा आमचे हे म्हणाले, "त्याच शेतात त्याच मशीनवर गडीमाणसाचा हात गेला असता तर?" त्या शेतात पुरुषाला ४०० रुपये रोज होता. मांडून पाहिलं. तीच तीन बोटं, तेच वय, तेच तीस टक्के. ३,६८,८९६. म्हणजे बाईच्या बोटांपेक्षा पुरुषाची बोटं १ लाख ३८ हजारांनी महाग! तक्ता भेदभाव करत नाही हो, तक्ता बिचारा सगळ्यांना सारखाच. भेदभाव आधीच होऊन बसलेला असतो, शनिवारी बाजाराच्या दिवशी मजुरी वाटताना. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. बाईने रोज कमी घेतला की तो फक्त त्या दिवसापुरता कमी राहत नाही. हात गेल्यावर त्या अवयवाचा भावही तोच रोज ठरवतो.

वयाचंही तसंच. आधार कार्ड काढताना किती जणींची जन्मतारीख १ जानेवारी पडलीय बघा. कुणी विचारलं, 'वय किती?' आपण म्हणायचं, 'असेल की चाळीस-पंचेचाळीस.' पंचेचाळीसचा आकडा १६९.४४ आहे. हिच्या आधारवर दहा वर्षं जास्त पडली असती, तर तीस टक्क्यांच्या हिशेबात बत्तीस हजार कमी झाले असते. लेकीच्या जन्माचा दाखला आणि हिचा शाळेचा दाखला असल्यामुळे निभावलं.

मजुरीचा पुरावा हा आणखी एक घोळ. हजेरीपट नाही, पावती नाही. 'आठ दिवसच कामाला होती' असं समोरून म्हटलं जातं. त्यावरही कायद्यात उत्तर आहे. महिनाही भरला नसेल, तर त्याच मालकाकडे तसंच काम करणाऱ्याची वर्षभरातली सरासरी धरायची आणि तसं कुणी नसेल तर त्या भागात त्या कामाची जी मजुरी चालते ती. म्हणजे तिच्या जोडीच्या दोन बायांनी येऊन 'आम्हाला एवढा रोज होता' असं सांगितलं तरी चालतं. अडचण एकच. त्या दोघींना पुढच्या हंगामात त्याच हडंब्यावर जायचं असतं.

स्टॅम्प पेपरचं काय, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही तीच धास्ती होती. पण भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने मुळातच रद्द आहे. अंगठा डाव्या हाताचा असो की उजव्या! एवढंच नाही, बाईला एकरकमी भरपाई द्यायची असेल तर ती आयुक्तांकडेच भरायला हवी, तिच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरायचीच नाही, असं १९२३ च्या कायद्याच्या आठव्या कलमात आहे. (आयुक्त म्हणजे बहुतेक ठिकाणी कोर्टातले न्यायाधीशच.) हे वाचून मला आधी जरा राग आला. बाईला पैसे सांभाळता येत नाहीत की काय? पुरुषाच्या हातात दिलेले चालतात आणि बाईला मात्र अज्ञान मुलांच्या रांगेत बसवलंय! मग तिच्या नवऱ्याचा चेहरा आठवला. त्या पंचवीस हजारांतले किती घरात आले, हे मी तिला विचारलं नाही. राग जरा कमी झाला, पूर्ण गेला नाही.

मशीन होतं म्हणून हे सगळं तिला लागू झालं, हेही सांगायला हवं. या कायद्यात शेतमजूर येतो, पण सगळा नाही. ट्रॅक्टरने, विजेवर किंवा इंजिनावर चालणाऱ्या अवजारांनी होणारी शेती येते. यंत्राने होणारी कापणी-मळणी येते. कीटकनाशकाची फवारणी येते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आठवत असेल. मात्र विळ्याने बोट कापलं, खुरपताना साप चावला, तर अशा साध्या शेतातली मजूर बाई या यादीत बसत नाही. आणि बायकांच्या हातात असतं काय? विळा आणि खुरपं! यंत्रं तर गडीमाणसांच्या हातात. बाई यंत्राला काड द्यायला उभी राहते, एवढाच तिचा यंत्राशी संबंध, आणि हात नेमका तिचाच जातो. नव्या संहितेतही यादी जवळपास तशीच आलीय. शंभर वर्षांनी कायदा बदलायला घेतला होता, तेव्हा 'शेतात मजुरी करणारा प्रत्येक जण' असे पाच शब्द घालायला काय हरकत होती, हे मला अजून समजलेलं नाही.

सरकारची योजना नाही का? आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना, २०२३ पासून या नावाने चालते. मृत्यू झाला किंवा दोन डोळे, दोन अवयव गेले तर दोन लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर एक लाख. चांगली योजना आहे. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका व्यक्तीला. जिच्या घरी सातबाराच नाही तिला नाही. म्हणजे त्या दिवशी त्या शेतात मालकीणबाईचा हात गेला असता तर अर्ज तरी करता आला असता. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला वीस रुपयांत मिळतो, तो मात्र प्रत्येकीने बँकेत जाऊन जरूर काढावा. पण त्यातही पूर्ण हात, पूर्ण पाय किंवा डोळा जावा लागतो. बोटांना तिथे भाव नाही.

पुन्हा टक्केवारीकडे येते, कारण खरी लढाई तिथेच चालू आहे. तक्त्यात जी इजा आहे तिचा आकडा ठरलेला. जी तक्त्यात नाही, म्हणजे मनगट आखडलं, शीर तुटून हात लुळा पडला, अशा वेळी डॉक्टरांनी पाहून कमाईचं किती नुकसान झालं ते सांगायचं असतं. आता डॉक्टर हाडं पाहतात, एक्स-रे पाहतात. पण खुरपणं म्हणजे काय, कापूस वेचताना बोंडातून चार बोटांनी कापूस कसा ओढतात, हे दवाखान्यात कुठे दिसणार? आपणही सांगत नाही. 'काय होतंय?' 'दुखतंय.' बास! वकीलबाईंनी तिला बजावून सांगितलं, की डॉक्टरांना असं सांग: विळा धरता येत नाही, खुरप्याला पकड नाही, कापूस वेचता येत नाही, दोरी वळता येत नाही, बादली उचलते ती कोपरात अडकवून. आणि डॉक्टरांना विनंती कर, की हे लिहून द्या. दाखल्यावर एकटा आकडा असला, की तोच धरून बसतात. या कामांची यादी असली, तर न्यायाधीशांना पुढे विचार करता येतो.

पुढे विचार करता येतो, हे मी मनाने सांगत नाही. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कामावर पडून कोपराच्या वर कापावा लागला. तक्त्याने त्याला ७० टक्के बसत होते. आयुक्त म्हणाले, सुताराचं काम एका हाताने होत नाही, तेव्हा याचं नुकसान १०० टक्के. मालक थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. डिसेंबर १९७५ मध्ये कोर्टाने आयुक्तांचंच बरोबर ठरवलं. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागते, मालकाला निकालाची वाट बघत बसता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. एक महिन्यात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि कारण पटलं नाही तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड, असं या कायद्यात होतं. पुढे २०१० मध्ये एका रस्ते अपघाताच्या खटल्यात कोर्टाने आणखी स्पष्ट सांगितलं. डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार आणि डावा हात गेलेला सरकारी कारकून, दोघांची शरीराची टक्केवारी एकच असेल, पण कमाईची नाही. कारकुनाची नोकरी कदाचित तशीच राहील.

सुतार झाला, ड्रायव्हर झाला. कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं कुठे आहेत या निकालांत? वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. जितकी बोटं तितका कापूस, इतका सरळ हिशेब दुसऱ्या कुठल्या धंद्यात नसेल. आणि घरी गेल्यावरचं काम तर कुठल्याच तक्त्यात नाही. भाकरी थापायला तळहात आणि बोटं दोन्ही लागतात. गेली दोन वर्षं त्या घरात भाकऱ्या दहावीतली पोर करते आहे. तिचे किती टक्के गेले, ते दहावीच्या निकालात दिसलं असेल.

मार्च २०२५ मध्ये अर्ज दाखल झाला. मुदत दोन वर्षांची होती, ती संपायला सातच महिने राहिले होते. मशीनवाल्याने उत्तर दिलं, की मी फक्त मशीन भाड्याने दिलं, बाई शेतमालकाने लावली. शेतमालक म्हणतो, मी पोत्यावर ठेका दिला होता, मजूर त्याचे. दोघेही खोटं बोलतायत असं मला वाटत नाही. दोघांचीही खरोखर तीच समजूत आहे. कायदा म्हणतो, ठेकेदाराचा मजूर असला तरी मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. त्याने भरावं आणि ठेकेदाराकडून वसूल करावं.

पण तो शेतमालक पाच एकरवाला आहे. मशीनवाल्याने हडंबा बँकेच्या कर्जावर घेतलेला. तीन-चार लाख त्यांनी कुठून आणायचे, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही, हे कबूल करते. ट्रॅक्टरचा विमा सक्तीचा आहे. पण त्यावर जोडलेल्या हडंब्यात हात घालणाऱ्या मजुरांचा स्वतंत्र विमा कुणी काढत नाही. विमा कंपन्यांकडे मजुरांच्या भरपाईची पॉलिसी मिळते. मशीन विकतानाच ती गळ्यात मारली, पोत्याच्या भावात दोन-चार रुपये चढले, तर कुणाचं काय बिघडेल? अवजारांना सरकार अनुदान देतं, त्याच्या अर्जात ही एक अट घालता येत नाही? आणि सातबारा नसलेल्या मजुराला अपघात योजनेत का घेत नाहीत? नाहीतर हात गेलेली गरीब बाई कर्जबाजारी मशीनवाल्याच्या विरोधात उभी राहते, आणि आपण सगळे बाजूला उभे राहून 'दोघांचंही वाईट झालं' म्हणत चहा पितो.

आता माझी गोष्ट. २०२५ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा गहू निवडायला आली. मी म्हटलं, "राहू दे गं." ती म्हणाली, "डाव्या हातानं करीन." पूर्वी पन्नास किलोचा कट्टा ती एका दिवसात चाळून, निवडून, पाखडून द्यायची. या वेळी अडीच दिवस लागले. सूप धरायला उजव्या हाताचा अंगठा आणि ती ताठ करंगळी. गहू दर दोन मिनिटांनी सांडायचा. मी रोजावर पैसे द्यायला लागले, तर घेईना. "कट्ट्यावर ठरलंय, कट्ट्यावरच द्या." एका दिवसाचं काम अडीच दिवसांत. मी मनात हिशेब केला, साठ टक्के कमाई गेली. माझ्या ओसरीवर, माझ्या डोळ्यांसमोर मोजली गेली.

हे मी वकीलबाईंना सहज बोलता बोलता सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काकू, हेच साक्षीत सांगाल?"

साक्ष! कोर्टात! मशीनवाल्याची बायको आमच्या भिशीत आहे. गेली अकरा वर्षं. माझ्या आजारपणात तिने डबे दिलेत. मी पंधरा दिवस 'बघते', 'विचारून सांगते' करत राहिले. कुणाला विचारायचं होतं, देव जाणे! मग एक दिवस ती लेक पेढे घेऊन आली, दहावी पास झाल्याचे. किती टक्के विचारलं, तर म्हणाली, "काकू, आता टक्क्यांचं नाव नका काढू."

मी प्रतिज्ञापत्र दिलं. डॉक्टरांना समन्स गेलंय, गेल्या दोन तारखांना ते आले नाहीत. करंगळी वाकते की नाही, हे त्यांनी येऊन सांगायचं आहे. भिशीत तेव्हापासून माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. संक्रांत आली की त्यांच्याकडचं हळदीकुंकवाचं बोलावणं येतं का, ते बघायचं. आलं तर मी जाणार आहे.